उजवा पाय, बुधवार, जिना

रविवारी दुपारी जेवणं उरकली आणि जावयाने खिशातून फोन काढला. "आई, तुमचा तो राजबिंडा बघा," तो म्हणाला. "मुलाखत दिलीय. बेसिकली सगळं कबूल केलंय त्याने."

'बेसिकली' हा शब्द जावई मिठासारखा वापरायचा आणि त्याचा हात सढळ होता. साबणाच्या कंपनीत विक्रीचं काम करून करून त्याला एक खोड जडली होती. समोरच्याला एखादी वस्तू जितकी नको असेल, तितक्या हौसेने तो ती गळ्यात मारायचा.

प्लास्टरमावशीने ओले हात पुसले, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि फोन हातभर लांब धरला. पगाराच्या कागदावर तिचं नाव काहीतरी वेगळंच होतं, पण हॉस्पिटलात झाडूवाल्यापासून हाडांच्या मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला प्लास्टरमावशीच म्हणत. एकोणतीस वर्षं ती प्लास्टरच्या खोलीत होती. मोडलेले हातपाय गुंडाळायचे आणि जुळलेले सोडवायचे. त्याहून जुनं होतं तिचं वेड, वयाच्या नवव्या वर्षापासूनचं: दोऱ्यांच्या चौकोनातली ती नाटकी कुस्ती. चमचमत्या चड्ड्या, मुखवटे, गर्जना. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, बाजारामागच्या जुन्या हॉलमध्ये. तिसरी रांग, चौथी खुर्ची. ती घडीची खुर्ची तिच्याशिवाय कोणाला उघडायलाही जमत नसे.

फोनमध्ये राजबिंडा बसला होता. एके काळी ह्याच्या छातीवर पोस्टर चिकटवता आलं असतं. आता छाती तीच होती, फक्त दोन मजले खाली उतरली होती. केस मात्र काळेभोर, बुटासारखे चकाकणारे. तो स्वतःबद्दल नेहमी परक्यासारखं बोलायचा. "राजबिंडा खोटं बोलत नाही. राजबिंडा आज मनावरचं ओझं उतरवतोय. सगळं ठरलेलं असायचं, हो. कोण जिंकणार, कोण पडणार, हो. पण एक गोष्ट ठरलेली नव्हती. तो खेकडा! त्याला काम येत नव्हतं. त्याने राजबिंड्याचा पाय खरोखर मोडला. खरोखर! रिंगमध्ये, सगळ्यांसमोर. हा, हा डावा!" त्याने डाव्या नडगीवर थाप मारली, डोळ्यांत पाणी आणलं, ते गालावर नीट दिसेपर्यंत थांबला आणि मग पुसलं.

"डावा!" मावशी इतक्या जोरात ओरडली की आत तिच्या लेकीच्या हातून झाकण पडलं. "डावा म्हणे! उचलली जीभ लावली टाळ्याला!"

"बघा, मी कधीपासून सांगतोय, खोटं असतं ते," जावई खुशीत म्हणाला.

राग जितका चढे तितकी मावशीच्या बोलण्यातली अदब वाढे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, एक जावई सोडून. "खोटं?" ती म्हणाली. "जावईबापू, आपण एक करावं. ह्या स्टुलावर उभं राहावं आणि पाठीवर पडून दाखवावं. उद्या सकाळी माझ्याकडेच यायचंय आपल्याला, नंबर न लावता घेते. अहो, न्हाणीघरात पाय घसरून मनगट मोडलेली माणसं येतात माझ्याकडे. एक पायरी चुकून घोटा गेलेली येतात. आणि ही माणसं दोरीवरून उडी मारून पडत होती, उठत होती, पुढच्या शनिवारी पुन्हा पडत होती. निकाल ठरलेला असायचा, मान्य. जमीन ठरलेली असते का? जमीन कोणाशी काही ठरवत नाही!"

"पण आई, मग तुम्ही चिडलात कशावर? तो तर म्हणतोय, खरोखर मोडला."

"त्याच 'खरोखर'वर चिडलेय!"

कोपऱ्यात वर्तमानपत्रामागे मावशीचा नवरा बसला होता. सेवानिवृत्त पोस्टमन, आयुष्यभर लोकांच्या दारात उभं राहून त्याला मोजकं बोलायची सवय लागली होती. त्याने पेपर खाली न करता म्हटलं, "जावईबुवा, तुमच्या सासूबाईंनी सव्वीस वर्षं माळ्यावर परपुरुषाचा पाय ठेवलाय."

"तुम्ही गप्प बसा!" मावशी कडाडली.

जावई पोट धरून हसला. त्याला वाटलं विनोद आहे.

मावशीच्या लेखी कुस्तीचा इतिहास जिंकणाऱ्यांचा नव्हताच मुळी. पट्टा कोणाच्या कमरेला होता हे पोस्टरवाल्यांनी लक्षात ठेवावं. ती माणसं लक्षात ठेवायची ती पडण्यावरून आणि धरण्यावरून. 'पर्वत' नावाचा एक होता. तो कपाटासारखा दिसायचा, कपाटासारखाच वागायचा आणि पडताना दुसऱ्याच्या अंगावर पडायचा. त्याला लोक महान म्हणत. मावशी म्हणायची, महान कसला, घर बदलताना जिन्यात अडकलेलं सामान! 'मुखवटा' ह्या नावाखाली दोन वेगळी माणसं आलटून पालटून यायची. सगळ्या हॉलला वर्षभर पत्ता नाही, मावशीने दुसऱ्याच आठवड्यात ओळखलं. एकाचे तळवे सपाट होते. 'तोफ' नावाची बाई होती, ती डोक्यावरून माणूस फेकायची आणि तो कापसाच्या गाठोड्यासारखा अलगद उतरायचा. पण पोस्टरवर राजबिंडा भोपळ्याएवढ्या अक्षरांत आणि तोफ मोहरीएवढ्या. ह्या एका गोष्टीवर मावशी दर शनिवारी तिकीट खिडकीशी भांडत असे. तिकीटवाला तिला लांबून पाहिलं की म्हणे, "आली, अक्षरं मोजणारी आली."

आणि ह्या सगळ्यांच्या वर तिने बसवला होता खेकड्याला. हॉलमधला सर्वांत नालायक माणूस! तिरका चालत यायचा, एक डोळा मिचकावायचा, पंचाच्या पाठीमागे समोरच्याच्या डोळ्यांत बोट घालायचा. हरला की पाया पडायचा आणि पाया पडता पडता पाय ओढायचा. तो आला की मावशीही खुर्चीवर उभी राहून त्याचा उद्धार करायची. पण तो पाय पिळायचा तेव्हा ती शिव्या देता देता त्याचे हात बघत असे. बघणाऱ्याला वाटावं, आता पाय उपटून हातात येणार. आणि त्याचा तळहात टाचेखाली उशीसारखा. बोटं सुटी. प्लास्टर ओलं असताना पाय अगदी तसाच धरायचा असतो, तळव्याने. बोटं रुतली तर खड्डा पडतो आणि आत जखम होते. पहिल्या वर्षी मावशीला हे शिकवून शिकवून वरिष्ठ कंटाळले होते. ह्या माणसाला कोणी शिकवलं, तिला कळत नसे. एकोणीस वर्षं तो रिंगमध्ये होता आणि त्याच्या हातून कोणाचं बोटही मोडलं नाही. मोडलं असतं तर तिच्याच खोलीत आलं असतं ना!

राजबिंड्याचा पाय मात्र तिच्या हातात आला होता. तीच तर सगळी गोम.

सव्वीस वर्षांपूर्वी राजबिंड्याला मूळव्याध झाली. झाली म्हणजे अशी झाली की ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही, आणि मग दोन महिने सुट्टी. आता राजबिंडा मूळव्याधीने घरी बसलाय, असं काही पोस्टरवर छापता येत नाही, भोपळ्याएवढ्या अक्षरांत तर नाहीच नाही. म्हणून ठरलं की खेकडा त्याचा पाय मोडणार. एका शनिवारी खेकड्याने डावा पाय पिळला, राजबिंडा किंचाळला, स्ट्रेचर आलं, तिसऱ्या रांगेत बायका रडल्या. पुढच्या शनिवारी राजबिंड्याने प्लास्टर घालून, कुबड्यांवर रिंगमध्ये यायचं, सूड घेण्याची शपथ घ्यायची आणि मग गुपचूप ऑपरेशनला जायचं. प्लास्टर मात्र अस्सल हवं. पुढच्या रांगांतले लोक टकटक करून बघत. हॉलचा मॅनेजर मावशीला शोधत आला. "तुम्ही आमच्यातल्याच," तो म्हणाला. "पण हे ह्या भिंतींबाहेर जायचं नाही. शब्द द्या."

मावशीने शब्द दिला. प्लास्टरच्या पट्ट्या आणि कापूस दुकानातून स्वतः आणले, हॉस्पिटलचा एक दोरा घेतला नाही. दुपारी तीन वाजता कपडे बदलायच्या खोलीत, बाकावर राजबिंडा आडवा. कोमट पाण्याची बादली. समोर साक्षात राजबिंड्याची पोटरी! त्याने पाय पुढे केला, तिने अंगठ्यासकट गुंडाळला. तळव्याने घासून घासून असं गुळगुळीत केलं, की आरसा नको.

आणि तो उजवा होता.

प्लास्टरच्या खोलीत ही चूक होऊच शकत नाही. तिथे कागद असतो, फोटो असतो, रोग्याला विचारायचं असतं, पेनाने खूण करायची असते. आणि हे सगळं नसलं तरी मोडलेला पाय स्वतःच सांगतो की मी तो. धडधाकट पाय मात्र दोन असतात. राजबिंड्याच्या लक्षात यायला हवं होतं, पण त्याचं सगळं लक्ष वेगळ्याच ठिकाणी लागलं होतं आणि बाक कडक होतं.

संध्याकाळी कुबड्या टेकत तो रिंगमध्ये चढला. पहिल्यांदा टाळ्या. मग मागून एक आवाज, "अरे, डावा होता ना?" मग दोन आवाज. मग हसू, आधण येताना तळाशी बुडबुडे सुटतात तसं. चौथ्या खुर्चीत मावशीला घाम फुटला. आता हे हसू वर आलं की राजबिंडा संपला, हॉल संपला, शनिवार संपले. आणि तिच्या हातून!

तेवढ्यात खेकडा आला. तिरका. त्याची आज कुस्तीच नव्हती; अंगात घरचा सदरा होता. त्याने दोरीखालून आत शिरून माइक ओढला आणि सगळ्या हॉलवर थुंकल्यासारखा बोलला, "हसता काय, बैलांनो! डावा मी नुसता पिळला होता, तुमच्यासमोर. उजवा मोडला बुधवारी. ह्याच्या घराच्या जिन्यात. अंधारात गाठून!"

मग जे काही उठलं त्याला आवाज म्हणणं कमीच. "जिन्यात? भ्याडा!" चपला आल्या, बाटल्या आल्या, आणि एक लाकडी खुर्ची आली ती त्याच्या भुवईवर बसली. चार टाके. खरे. कोणी पुन्हा डावा-उजवा काढलं नाही. पुढे वर्षभर त्याच्या घराच्या खिडक्यांना काच टिकली नाही, भाजीवाला त्याला सडके टोमॅटो निवडून द्यायचा. त्याने एकदाही तोंड उघडलं नाही. खेकडा होता तो. त्याने ते केलंच होतं.

तीन आठवड्यांनी मावशीने त्याच खोलीत प्लास्टर दोन्ही बाजूंनी कापून काढलं. राजबिंडा म्हणाला, "टाकून द्या ते." तिने टाकलं नाही. दोन्ही फाका पट्टीने बांधून, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. त्यावर तिसऱ्या रांगेतल्या सगळ्यांच्या सह्या होत्या, नडगीवर, निळ्या शाईत.

सोमवारी कामावरून सुटल्यावर मावशी थेट चेन दुरुस्तीच्या दुकानात गेली. खेकडा आता बॅगा दुरुस्त करायचा. दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढं दुकान. भिंतीवर चेनींची भेंडोळी, आणि मध्ये तो, एक कान फुलकोबीसारखा, भुवईत पांढरी रेघ. त्या फावड्याएवढ्या हातांत नखाएवढा रनर असा धरायचा की जणू चिमणीचं पिल्लू.

मावशीने काळी बॅग त्याच्यापुढे आपटली. "चेन बसत नाही."

त्याने आत डोकावलं. चादरीच्या घडीतून पांढरा अंगठा बाहेर आला होता. रनर पक्कडीने दाबला, मेण फिरवलं, दोनदा ओढून पाहिलं.

"दादा, मुलाखत ऐकलीत?"

"गिऱ्हाइकं ऐकवतात."

"मग? बसून राहणार असेच? म्हणतो, तुम्हाला काम येत नव्हतं! खरोखर मोडला म्हणतो!"

"म्हणू दे, मावशी. मला लोकांनी काय काय म्हटलंय. त्यातलं निम्मं तर तुम्हीच म्हटलंय."

"मी शिव्या देत होते! हा बदनामी करतोय. फरक आहे!"

तेव्हा त्याने पक्कड खाली ठेवली. तोफेने गावाच्या टोकाला नव्या मुलामुलींसाठी कुस्तीची शाळा काढली होती. सोमवारी आणि बुधवारी खेकडा तिथे पडायला शिकवायचा. हनुवटी छातीला, तळहात सपाट, श्वास बाहेर. पाच वर्षं. परवा तोफेचा निरोप आला होता. मुलांच्या आईबापांनी मुलाखत ऐकलीय, ते म्हणतात, ज्याने माणसाचा पाय मोडला त्याच्या हातात आमची पोरं देणार नाही. तूर्त येऊ नका.

"आज सोमवार," तो म्हणाला. "म्हणून दुकान उघडं दिसतंय तुम्हाला."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शनिवारी त्याचा सत्कार आहे. त्याच हॉलमध्ये. मी उभी राहते आणि सांगते सगळं. पाय, प्लास्टर, मूळव्याध, सगळं!"

"तुम्ही शब्द दिला होता."

"त्याने मोडला ना आधी!"

"तो त्याचा. तुमचा शाबूत आहे अजून." त्याने बॅग तिच्याकडे सरकवली. "मी सांगायचं तर सोडाच. खेकडा उठून म्हणणार, मी सज्जन होतो? एकोणीस वर्षं पाण्यात. आणि तुम्हाला बोलायचंच असेल, तर त्या भिंतींमध्ये बोलतात तसं बोला. बाहेरचं आत आणू नका. पैसे नकोत, नुसता दाबलाय."

मावशी तणतणत बाहेर पडली. राजबिंड्यावर राग होता तो होताच, आता खेकड्यावरही आला. कसला हा माणूस! स्वतःची बाजूसुद्धा घेता येत नाही! आठवडाभर प्लास्टरच्या खोलीत ती कोणाशी धड बोलली नाही. एका रोग्याने विचारलं, "मावशी, दुखेल का?" ती म्हणाली, "खोटं बोलणाऱ्यांना दुखत नाही हो, बाकी सगळ्यांना दुखतं." तो बिचारा पाय मागे घेऊ लागला.

शनिवारी बॅग उचलायला जावई बरोबर आला. म्हणजे बेसिकली गंमत बघायला आला. हॉल भरला होता. रिंग तशीच, फक्त आत लाल खुर्च्या आणि फुलांचा गुच्छ. तिसऱ्या रांगेतली जुनी डोकी आता पांढरी किंवा रिकामी. तोफ पहिल्या रांगेत, मागे तिची नवी मुलंमुली आणि त्यांचे आईबाप. निवेदकाचा आवाज अजून तसाच होता, प्रत्येक शब्द जिन्यावरून खाली सोडल्यासारखा. "आणि... आता... आपल्यासमोर... तो आला... तो आलाऽऽ... राजबिंडाऽऽ!"

राजबिंड्याने गुच्छ घेतला, छाती वर ओढली आणि गोष्ट सुरू केली. ती फिरून फिरून डाव्या पायावर आली. "ह्याच रिंगमध्ये! त्या अडाणी माणसाने, खरोखर..." आणि थाप. तोफ मान खाली घालून बसली. तिच्या मागे एका बापाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं.

"एक प्रश्न आहे!" मावशी उभी राहिली. नुसती उभी नाही. चौथ्या खुर्चीवर उभी. जावई तिचं कोपर धरायला धावला, तिने त्याच्याच हातून बॅग हिसकावली, चेन सर्रकन ओढली आणि प्लास्टर डोक्यावर धरलं. "राजबिंडे साहेब, हा कोणाचा?"

तिसरी रांग ताडकन उठली. "अरे, ही माझी सही!" "माझी पण! बघ, मोराचं चित्र काढलं होतं मी!"

"राजबिंड्याचाच," राजबिंडा म्हणाला, आणि हसला. चुकला तिथेच. "तोच तो ऐतिहासिक..."

"मग आपण कृपा करून अंगठा कोणत्या बाजूला आहे ते बघावं!" मावशीची अदब आता छताला टेकली होती. तिने रिंगपर्यंत चालत जाऊन प्लास्टर कडेला उभं केलं. ज्याला दोन पाय आहेत अशा कोणालाही दिसत होतं. "हा उजवा आहे साहेब. आपला डावा मोडला, तर मी उजवा कशाला गुंडाळला? एकोणतीस वर्षं नोकरी केलीय मी, मला पाय कळतात!"

हॉलमध्ये कुजबुज झाली. राजबिंड्याने गुच्छ खुर्चीवर ठेवला. प्लास्टर नकली होतं म्हणावं, तर पाय मोडलाच नव्हता. उजवा म्हणावं, तर रिंगमधला डावा सुटला. दगडाखाली दोन्ही हात. "बाईंचं वय झालंय..." त्याने सुरुवात केली.

मावशी दोरीला टेकली आणि माइकला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "त्या दोन महिन्यांत तुम्ही पालथे का झोपत होता, ते मी अजून बोललेले नाही. बोलणारही नाही. शब्द आहे माझा. पण माझा राग फार वाईट आहे. कधी काय निसटेल सांगता येत नाही." मग वळून हॉलकडे हात केला. "सांगा लोकहो! उजवा पाय कधी मोडला?"

"बुधवारी!" तिसरी रांग गरजली.

"कुठे?"

"जिन्याऽऽत!"

"कोणी?"

"मी!"

हा आवाज मागून आला. दरवाजातून खेकडा येत होता. तिरका. गुडघे दुखत असणार, चाल आणखीच तिरकी झाली होती. एक डोळा मिचकावलेला. अंगात तोच घरचा सदरा वाटावा असा सदरा. "मी मोडला! अंधारात गाठून! आणि आज कोणता हवाय ते सांग, राजबिंड्या, जिने खूप आहेत गावात!"

हॉल फुटला. सव्वीस वर्षांची साठलेली हुर्यो एकदम बाहेर पडली. मावशी सगळ्यांत पुढे होती. "अरे खेकड्या! निर्लज्जा! मेल्या, तुझे हात झडोत!" गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या, डोळ्यांतून पाणी, आणि खेकडा तिच्याकडे बघून असा काही नीच हसला की चार दात नसलेले दिसले. मागून एक चप्पल उडाली. मावशीने वळून पाहिलं. जावयाचा एक पाय अनवाणी होता आणि तो ओरडत होता, "जिन्यात गाठतोस? समोर ये ना! लाज वाटत नाही?" बेसिकली कुठेच नव्हतं.

राजबिंडा कसाही असला तरी हॉलमध्ये मुरलेला माणूस होता. वारा कुठे वाहतोय ते त्याला कळलं, आणि पालथं झोपणंही आठवलं. तो उठला, छाती आपोआप दोन मजले वर चढली. "होय!" तो गरजला. "रिंगमध्ये ह्या भ्याडाने राजबिंड्याला कधी ओरखडासुद्धा काढला नाही! समोरासमोर त्याची हिंमतच नव्हती! डावा राजबिंडा विसरला, उजवा विसरणार नाही!" आणि त्याने उजव्या नडगीवर थाप मारली. अखेर.

'रिंगमध्ये कधी ओरखडासुद्धा नाही.' तोफेने मान वर केली. मागे वळून तिने त्या दोन बापांकडे पाहिलं, चांगलं रोखून, जोपर्यंत ते छताकडे बघू लागले नाहीत तोपर्यंत.

गर्दी पांगताना मावशी प्लास्टर चादरीत गुंडाळत होती तेव्हा तोफ खेकड्याजवळ गेली. "सोमवारपासून या," ती म्हणाली. "आईबापांशी मी बोलते. पण ते समोर असताना डोळा मिचकावू नका."

"बुधवारी येईन," खेकडा गुरगुरला, कारण अजून दहा-बारा माणसं आसपास होती. "सोमवारी तुझ्यासारख्यांसाठी वेळ नाही मला." आणि तिरका तिरका बाहेर गेला. मावशीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मावशीला त्याचाही राग आला, पण तो बरा राग होता.

राजबिंड्यावरचा राग काही गेला नव्हता. आभाराचा शब्द नाही, माफी नाही, आणि मुलाखत अजून फोनमध्ये तशीच पडलेली. घरी जाताना ती सगळ्या रस्ताभर बडबडत होती. "सत्कार म्हणे! गुच्छ म्हणे! पर्वताला बोलावला नाही, मुखवट्याच्या दोघांपैकी एकालाही नाही, आणि तोफेला खाली बसवली! अक्षरं बघितलीत पोस्टरवरची?"

"मोहरीएवढी," जावई म्हणाला. तो एका पायात चप्पल घालून चालत होता. दुसरी सापडली नव्हती. मग आवाज खाली आणून, आजूबाजूला बघून विचारलं, "आई, माझ्यापुरतं सांगा. कोणाला बोलणार नाही. तो पाय मोडला होता की नाही?"

मावशी थांबली. बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. चेन पुन्हा एकदा ओढून पाहिली. पक्की बसली होती.

"जावईबापू," ती म्हणाली, आणि त्या 'बापू'मध्ये इतकी अदब होती की जावई दोन पावलं मागे सरला, "आपण ऐकलं नाहीत का? जिन्यात मोडला. बुधवारी."